ऐनवेळचे विषय

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस ज्यांनी दोनचार वर्षं वाचली आहे, त्यांना तिची शेवटची ओळ पाठ असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, हिशेब मंजूर करणं, ऑडिटर नेमणं, हे सगळं तासाभरात उरकतं. तोवर मागच्या खुर्च्यांवरची मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. शेवटचा विषय पुकारला की लोक खुर्च्या पुढे ओढतात. चौथ्या मजल्यावरची गळती, पाहुण्यांच्या गाड्या, जिन्यातले चपलांचे रॅक, कबुतरांना दाणे कोण टाकतं. खरी सभा तिथून सुरू होते.

ज्याने कोणी ही ओळ पहिल्यांदा लिहिली, त्याला माणसांची चांगली पारख असणार. लोक विषय सोडून बोलणारच, हे त्याने धरूनच चाललं. त्या बोलण्याला त्याने बंदी घातली नाही, शेवटची जागा दिली. परवानगी कोणाची लागेल तेही सांगून ठेवलं. आदर्श उपविधींमध्ये तर यापुढची एक मेखही आहे. ज्या विषयासाठी रीतसर नोटीस द्यावी लागते, तो ऐनवेळी घेऊन निकालात काढता येत नाही. म्हणजे मेंटेनन्स फार झाला म्हणून तुम्ही ऐनवेळी कितीही तोंडसुख घ्या, पण तो वाढवायचा ठराव मात्र कमिटीला ऐनवेळी रेटता येणार नाही. बोलायला मोकळीक आणि ठरवायला शिस्त, अशी ती वाटणी आहे.

तीच माणसं, तीच इमारत. पण चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की हे सगळं शहाणपण खुंटीला टांगलं जातं. तिथे दोनच ऋतू असतात. एक तर मोकाट, म्हणजे पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलाखालचं सुप्रभात, मग हळदीचे औषधी गुणधर्म, मग कुठल्याशा पुढाऱ्याची क्लिप, मग ‘कोणाकडे प्लंबरचा नंबर आहे का’. नाहीतर एकदम कर्फ्यू. कोणाचं तरी कोणाशी तरी वाजतं, ॲडमिन वैतागतो आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ यावर बोट ठेवतो. ही सोय व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये दिली आणि तेव्हापासून असंख्य ग्रुपांचे नोटीसबोर्ड झाले. तिसरा मार्ग असतो आणि तो आपल्याच सभेच्या नोटिशीत लिहिलेला आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अवांतर बोलणं पुसू नये, हलवावं. आणि हलवणाऱ्याने ते सगळ्यांच्या देखत, कारण सांगून हलवावं.

आता अवांतराचा त्रास होतच नाही असं कोणी म्हणू नये. रात्री अकराला सेक्रेटरी लिहितात, ‘उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी १० ते २ पाणी बंद’. त्याखाली ‘ओके’, ‘नोटेड’, ‘धन्यवाद सर’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. बारा वाजता कोणाचा तरी वाढदिवस सुरू होतो. केकची चित्रं, फुगे, ‘जीवेत शरदः शतम्’. सकाळी उठून जो ग्रुप उघडतो त्याला तळाशी केक दिसतो, टाकी दिसत नाही. सव्वादहाला दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ डोक्याला शाम्पू लावून बाथरूममधून ओरडतात आणि मग ग्रुपवर ‘कळवायची काही पद्धत आहे की नाही’ हा तिसराच विषय चालू होतो. सेक्रेटरी बिचारे रात्रीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून टाकतात. मग त्यावर जोडलेले हात.

पण हा त्रास नेमका कसला आहे ते नीट बघायला हवं, कारण औषध त्यावरून ठरतं. सभेत एका वेळी एकच माणूस बोलतो. तो भलतं बोलायला लागला तर खोलीतल्या सगळ्यांचा वेळ जातो, म्हणून अध्यक्षांना त्याला थांबवावंच लागतं. ग्रुपवर तसं नाही. कोणी कितीही लिहिलं तरी दुसऱ्याचं लिहिणं अडत नाही. तिथे अवांतर वेळ खात नाही, जागा खातं. कामाचा मेसेज खाली दबतो. वेळ खाणाऱ्याला गप्प करावं लागतं, जागा अडवणाऱ्याला सरकवलं तरी पुरतं. सभेतली काठी उचलून ग्रुपवर आणली की म्हणूनच ती चुकीच्या ठिकाणी बसते.

बोरिवलीच्या एका सोसायटीतला प्रकार मला जवळून माहीत आहे. ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीची चर्चा रंगात आली होती. ५०१ ठेवायची की १००१, मूर्ती शाडूची आणायची की मागच्यासारखीच, डीजे की ढोल. त्यात तळमजल्यावरच्या एका बाईंनी मध्येच विचारलं, ‘आज पाण्याला वास येतोय का कोणाकडे?’ कमिटीतल्या एकांनी लगेच उत्तर दिलं, ‘ताई, इथे गणपतीचं चाललंय. अवांतर नको प्लीज.’ बाईंनी मेसेज स्वतःच काढून टाकला. वर्गणी १००१ ठरली. दोन दिवसांनी ए विंगमधली पोरं पोट धरून बसली, डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं आणि प्लंबरने खोदून बघितलं तेव्हा गटाराची फुटलेली लाइन सक्शन टँकच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या, भिंतीला लागून निघाली. वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात तक्रार गेली ती त्यानंतर.

त्या गृहस्थांना मी दोष देणार नाही. विषय खरोखरच गणपतीचा होता आणि प्रश्न खरोखरच अवांतर होता. इथेच गोम आहे. वाईट बातमी कधी अजेंड्यावरून येत नाही. अजेंडा आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींचा असतो आणि जे माहीत नाही ते कुठून तरी मध्येच, भलत्या वेळी, अर्धवट प्रश्नाच्या रूपात येतं. ‘वास येतोय का’, ‘हा आवाज कसला’, ‘गेटवर कोण उभं आहे’. ‘ताई, वेगळा मेसेज टाका, सगळे बघतील’ एवढं लिहायलाही तितकेच सेकंद लागले असते. आणि हेही सांगायला हवं की अनेक सोसायट्यांत फ्लॅटमागे एकच नंबर घ्यायचा नियम असतो आणि तो बहुधा घरातल्या पुरुषाचा असतो. सकाळी पहिलं भांडं भरून घेणारीला वास आधी येतो. पण तिचा प्रश्न ग्रुपवर पोचायला नवरा ऑफिसातून मोकळा व्हावा लागतो. या बाईंचा नंबर ग्रुपवर होता, तर ही तऱ्हा.

विषय कोणता आणि अवांतर कोणतं, हे शेवटी कोण ठरवतं? अध्यक्षांच्या वाढदिवसाला शंभर शुभेच्छा आल्या तर त्या अवांतर नसतात. नगरसेवकाने पावसाळ्यात छत्र्या वाटल्याचे फोटो अवांतर नसतात. पार्किंगचं रजिस्टर बघायला मागितलं की ते मात्र हमखास अवांतर असतं, ‘ऑफिसात येऊन बोला’. भाडेकरूने लिफ्टबद्दल विचारलं तर त्याहून वाईट, त्याला सांगतात की तुमच्या मालकाला लिहायला सांगा. मालक ठाण्याला नाहीतर थेट न्यू जर्सीत, आणि लिफ्टमध्ये अडकतो भाडेकरू.

सगळ्यात बोचरं उदाहरण रिडेव्हलपमेंटचं आहे. मुंबईत आज ज्या इमारतीच्या ग्रुपवर हा विषय नाही ती इमारत शोधावी लागेल. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली सरकारने ३ जानेवारी २००९ ला आणि मग सुधारून ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली. सभेची नोटीस कशी द्यायची, बिल्डर निवडताना निबंधकांचा प्रतिनिधी हजर हवा, सभेचं चित्रीकरण हवं, असं सगळं त्यात बांधून दिलंय. कारण उघड आहे. माणसांच्या आयुष्यभराच्या घराचा सौदा होतो आहे, तेव्हा कोण काय बोललं ते नंतर नाकारता येऊ नये. पण प्रत्यक्षात माणसांची मतं त्या चित्रीकरण होणाऱ्या सभेत बनत नाहीत. ती आधीचे सहा महिने ग्रुपवर बनतात. आणि तिथे ‘कॉर्पसचा आकडा’, म्हणजे बिल्डरकडून सभासदांना मिळणाऱ्या रकमेचा आकडा, ‘कुठून आला’ असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं की हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. संध्याकाळी मेसेज गायब. सभेतलं बोलणं इतिवृत्तात नीट उतरलं नाही तर त्यावर लेखी हरकत घेता येते. ग्रुपवरून पुसलेल्या बोलण्यावर हरकत कुठे घ्यायची? कायद्याने राखलेली पारदर्शकता सभागृहात आणि खरी कुजबूज ॲडमिनच्या अंगठ्याखाली, अशी ही विभागणी झाली आहे.

इथे लोक हमखास म्हणतात, मग काय वाट्टेल ते चालू द्यायचं? नाही. एक गल्लत आपण सर्रास करतो, ती आधी सोडवायला हवी. अवांतर आणि आक्षेपार्ह या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मेसेज अवांतर आहे म्हणजे तो चुकीच्या जागी आहे. दुसऱ्या जागी तो अगदी ठीक असतो. आक्षेपार्ह मेसेज कुठल्याच जागी ठीक नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्याआधी मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेले मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील, असं केलं. असला मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तर तो हलवायचा नाही, तिथल्या तिथे काढायचा आणि काढल्याचं सांगायचं.

आपल्याकडे होतं उलटं. अमुक धर्माच्या लोकांना घर भाड्याने देऊ नका, असं सुचवणारी क्लिप येते आणि तीन दिवस तशीच पडून राहते. ‘अहो, फॉरवर्ड आहे, सोडून द्या’. आणि सिक्युरिटी एजन्सीचं बिल का वाढलं हा प्रश्न दहा मिनिटांत ‘विषय सोडून’ ठरतो. पहिल्यावर कारवाई करायची तर भांडण घ्यावं लागतं. दुसऱ्यावर कारवाई करायला नुसती नियमावली पुरते. अवांतर हा शब्द ॲडमिनला म्हणून फार सोयीचा पडतो. मजकुराबद्दल अवाक्षर न काढता मजकूर घालवता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला गेला, तेव्हा शहरातल्या कितीतरी ग्रुपांवर रण माजलं. फुप्फुसाच्या आजाराबद्दल लिहिणारे आणि जीवदयेबद्दल लिहिणारे दोघेही आपापल्या जागी कळवळून लिहीत होते. त्यात शिव्या काढायला हव्या होत्या, चर्चा नव्हे. खिडकीच्या छज्ज्यावर रोज दाणे पडणाऱ्या इमारतीत तो विषय अवांतर म्हणता येईल का, हेही मला कळत नाही.

ॲडमिन एवढे बिचकतात का, त्यालाही इतिहास आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा बोलबाला झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण धास्ती रद्द होत नाही. आजही ग्रुप काढणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगतंच की काही झालं तर पोलीस पहिल्यांदा ॲडमिनला उचलतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये यावर स्वच्छ निकाल दिला आहे. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं, तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्ह्याची जबाबदारी येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधीचा संगनमताचा बेत दिसला पाहिजे. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा होता की ॲडमिन सदस्य घेऊ शकतो आणि काढू शकतो, मजकूर पडण्याआधी तो तपासू शकत नाही.

आधी तपासता आजही येत नाही, पण पडलेलं पुसता येतं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, व्हॉट्सॲपने ॲडमिनच्या हाती खोडरबर दिलं; कोणाचाही मेसेज त्याला सगळ्यांसाठी पुसता येऊ लागला. दारावरचा माणूस एका रात्रीत संपादक झाला. संपादकाला किमान दुसऱ्या दिवशी वाचकांचं पत्र तरी येतं. इथे मेसेजच्या जागी एक करडी ओळ उरते, ॲडमिनने हा मेसेज हटवला. कोणी हटवला ते कळतं, का हटवला ते कळत नाही. आणि कारण कळलं नाही की प्रत्येक जण आपल्या मनाने कारण घालतो. ग्रुपवरची निम्मी भांडणं मूळ मेसेजची नसतात, त्या करड्या ओळीची असतात.

अवांतर कसं सांभाळावं याचे धडे घ्यायला फार लांब जायला नको. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास आहे, त्याला नियमांचा आधार आहे. त्यानंतरचा शून्य प्रहर मात्र नियमांच्या पुस्तकात नाही. यादीत नसलेलं तातडीचं काहीतरी बोलायचंच आहे, असा सदस्यांचा रेटा वाढला आणि १९६० च्या दशकात तो वेळ आपोआप रूढ झाला. आपल्या विधानभवनात लक्षवेधी आहे, हरकतीचा मुद्दा आहे, औचित्याचा मुद्दा आहे. हरकतीच्या मुद्द्याचं नाव सांगून भलतंच बोलून घेणं हा तर आपल्या आमदारांचा हातखंडा. अध्यक्ष दोन मिनिटं ऐकतात आणि मग खाली बसवतात. एखादं वाक्य कामकाजातून काढायचं तर तसा आदेश द्यावा लागतो. शतकभराचा अनुभव असलेल्या सभागृहांनी अवांतरावर काढलेला तोडगा म्हणजे त्याच्यासाठी दारं ठेवणं. आपल्या ऐंशी फ्लॅटच्या ग्रुपला त्याहून कडक शिस्त कशाला हवी?

इंटरनेटवरच्या मराठी मंडळींनी तर हे फार आधी, आपलं आपण शोधून काढलं होतं. मायबोली १९९६ पासून चालू आहे. पुढे आणखीही संकेतस्थळं निघाली. तिथे वावरलेल्यांना आठवत असेल, गंभीर धाग्यावर, म्हणजे एका विषयावरच्या चर्चेत, प्रतिसाद देताना लोक मुख्य मुद्दा संपवून खाली स्वतःच ‘अवांतर:’ असं लिहून मग पुढे हवं ते लिहीत. वाचणाऱ्याला पाहिजे तर वाचावं, नको तर पुढे जावं. निव्वळ गप्पांसाठी वेगळी पानं असत आणि ती कामाच्या धाग्यांपेक्षा जोरात चालत. भांडणं तिथेही झाली, एकाच माणसाने चारचार नावं घेऊन काड्या टाकल्या, संपादकांवर पक्षपाताचे आरोप झाले. स्वर्ग वगैरे नव्हता. पण आपण विषय सोडून बोलतो आहोत ही जाणीव बोलणाऱ्याने स्वतः ठेवायची, हा रिवाज कोणी वरून लादला नव्हता. फोन हातात आल्यावर तो का विरला, याचं कारण मला तरी तंत्रात दिसतं. धाग्याला शीर्षक असे. ग्रुपला शीर्षक नसतं, नुसतं इमारतीचं नाव असतं. इमारतीच्या नावाखाली काय अवांतर आहे?

म्हणून पहिलं काम शीर्षकं देण्याचं आहे. नोव्हेंबर २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कम्युनिटी करता येते: वर सूचनांचा एक ग्रुप, तिथे फक्त ॲडमिन लिहिणार, खाली अनेक छोटे ग्रुप, तिथे सगळे लिहिणार. बहुतेक सोसायट्या यातला वरचा अर्धा घेतात आणि खालचा विसरतात. सूचनांचा ग्रुप बंद ठेवायला माझी काही हरकत नाही, टाकी धुण्याची वेळ वाढदिवसात हरवायला नको. पण ज्या दिवशी तो बंद केला त्याच दिवशी तक्रारींचा एक आणि गप्पांचा एक उघडायला हवा. दार लावलं आणि खिडकीही लावली तर लोक बाहेर जाऊन बोलतात. मग ‘फक्त बी विंग’, ‘खरी माहिती’, ‘जागरूक सभासद’ अशा नावांचे ग्रुप निघतात आणि तिथलं बोलणं कमिटीला कधीच दिसत नाही, उत्तर द्यायचीही सोय उरत नाही. छोट्या इमारतीला हा सगळा पसारा नको असेल तर मेसेज पिन करण्याची सोय आहे. टाकी, लिफ्ट आणि सभेची तारीख वर चिकटवली की खाली केक कापायला कोणाची ना नसावी.

गप्पांचा ग्रुप ही चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०२० ची टाळेबंदी आठवावी. भाजीचा टेम्पो गेटवर आणणं, एकट्या राहणाऱ्या आजींची औषधं, कोणाच्या घरी ऑक्सिमीटर आहे, हे ज्या इमारतींत लवकर जमलं तिथे आधीपासून निरर्थक गप्पा चालत होत्या. कोण रात्री जागा असतो, कोणाकडे गाडी आहे, कोणाची मुलगी नर्सिंग शिकते आहे, हे कोणत्याही अजेंड्यावर नसतं. ते अळूच्या फतफत्यावरच्या वादातून, क्रिकेटच्या शेऱ्यांतून, हरवलेल्या मांजराच्या फोटोतून कळत गेलेलं असतं.

हे सगळं करायचं कोणी, हा प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. सोसायटीची कामं बिनपगारी असतात. सेक्रेटरी विरारहून उभ्याने परत आलेला असतो, जेवताना त्याचा फोन वाजत असतो, आणि आता मी त्याला सांगतो आहे की मेसेज पुसण्याआधी कारण लिही. पण खरं तर एकाच माणसावर हे टाकणंच चूक आहे. ॲडमिन दोघे तरी असावेत आणि त्यातला एक कमिटीबाहेरचा असावा, जमल्यास कमिटीवर टीका करणाऱ्यांपैकीच. अशा माणसाला एकदा चार लोकांचे मेसेज हलवायला लावले की त्याचीही भाषा जरा मवाळ होते. ॲडमिन कोण आणि किती दिवस, हे सर्वसाधारण सभेने ठरवावं. आज तो बहुतेक ठिकाणी ज्याने पहिल्यांदा ग्रुप काढला तोच असतो, मग तो फ्लॅट विकून नाशिकला गेला तरी. भाडेकरूंना निदान तक्रारींच्या ग्रुपवर घ्यावं. मताचा अधिकार सभासदाचा आहे, हे कबूल. पण लिफ्ट बंद पडल्याचं सांगायला भागप्रमाणपत्र लागू नये.

आणि पुसण्याचं काय करायचं? व्हॉट्सॲपवर पुसलेला मेसेज परत आणता येत नाही, त्यामुळे घाई नको. शिवीगाळ, अफवा, कोणाचा खाजगी नंबर किंवा फोटो, असं काही असेल तर लगेच पुसावं. बाकी सगळ्याला थोडी मुदत द्यावी. ‘हे तक्रारींच्या ग्रुपवर टाका, इथून तासाभराने काढतो’ अशी एक ओळ लिहावी. दहातले आठ जण स्वतःच उचलून नेतात. उरलेल्या दोघांचं आपण पुसावं, पण पुसण्याआधी मेसेज जसाच्या तसा, नावासकट, तिकडे स्वतः टाकावा आणि इथे ‘तिकडे हलवला’ असं लिहावं. मग तिकडे त्याला उत्तर द्यायची पाळी कमिटीची.